पिशवीतली बाटली

नवापूर, डिसेंबर १९६४

तीर्थस्वरूप मायच्या पायाशी मगनचा नमस्कार.

बाबांचं अंतर्गळाचं ऑपरेशन नीट झालं. ताप नाही, आज थोडी खिचडी खाल्ली. काळजी करू नकोस.

डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई चाकू लावायच्या आधी दिली आणि नंतर बंद केली. आपल्याकडे आशा सुटली की सुया थांबतात, म्हणून बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. "सुई बंद करी दिन्ही, आते मन्हं काही खरं नही," एवढंच बोलतात.

मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "ज्वारीला गंधक पेरणीआधी चोळता ना? कणसात काणीची काळी भुकटी दिसल्यावर चोळून काय उपयोग?" मला पटलं. बाबांना सांगितलं, तर म्हणे, "मी काय बियानं शे का?"

तू आग्रहाने दिलेली पेनिसिलिनची बाटली पिशवीतच आहे. दवाखान्याच्या फाटकाबाहेरचा कंपाउंडर टोचायला तयार आहे. मी त्याच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो.

यात्रेत विकायला येणारे घोडे तापीकाठी उतरले का? बाबांनी यंदा विचारलंसुद्धा नाही.

टाके निघेपर्यंत बाटली उघडणार नाही, माय. पण फेकवतही नाही.

तुझा मगन