अंगठीची आतली बाजू

दि. ९ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

बाबांचे पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझं पार्सल मिळालं, त्यातली अंगठी मिळाली आणि तिच्याभोवती कोंबलेला कापूसही मिळाला. एवढ्या कापसात एक उशी झाली असती गं! अक्षर पाहून दचकू नकोस. माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय, म्हणून मी सांगतोय आणि आई लिहितेय.

(चष्मा नाकावरच आहे. मी नुसती लेखनिक. — आई)

बघ, अशी मदत आहे माझ्या घरात. सांगतो तेवढंच लिही म्हटलं, तर म्हणे खोटं लिहायला दुसरा माणूस ठेवा.

असो. आधी अंगठीचं. तू कॉम्प्युटरवर काढलीस, मेणाचा नमुना छापून घेतलास आणि त्यावरून स्वतः ओतलीस, असं लिहिलंयस. मी ती मायक्रोस्कोपखाली धरून सगळीकडून फिरवून पाहिली. घाट सुरेख जमलाय. पाकळ्यांच्या कडा अशा उठल्यात की हाताने काढायच्या तर मला आठवडा लागला असता. झिलईचा मसाला एका खाचेत तसाच राहिला होता, तो काढून टाकला. लगेच गाल फुगवू नकोस. बाकी कामाला नाव ठेवायला जागा नाही, आणि हे मी आईसमोर बोलतोय, म्हणजे साक्षीदारही आहे.

पण आतून किती पातळ केलीस! पडद्यावर मोठं करून पाहिलं की सगळंच भक्कम वाटतं. सोनं वाचवायला गेलीस आणि कोरणाऱ्याला जागाच ठेवली नाहीस. कोरणी जराशी खोल गेली, की आतून लिहिलेलं अक्षर थेट बाहेरच्या पाकळीतून डोकं काढेल. वर तुझी फर्माईश काय, तर ही एकच ओतलीय, माझ्या नव्या वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी हीच घालणार, आत काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, पण हात तुमचाच हवा, यंत्राचा चालणार नाही. वा रे वा! स्वतः सगळं यंत्रावर करायचं आणि बापाने तेवढं हाताने!

(हे सांगताना हसत होते. पार्सल आल्यापासून डबी उशाशी घेऊन झोपतात.)

आता दुकानाची खबर. लेझरवर बसायला जी मुलगी ठेवलीय, तिला मी मास्तरीण म्हणतो, कारण दिवसभर मलाच शिकवत असते. तिने एक उद्योग केलाय. माझ्या जुन्या कामांचे फोटो काढून त्यातली अक्षरं वेगळी केली आणि अख्खी बाराखडी कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली. गिऱ्हाईक नाव सांगतं, ती टाइप करते, किरण फिरतो, आणि डोळ्यांदेखत माझ्या वळणाचं नाव उमटतं. मी शेजारी बसून चहा पितो. लोक म्हणतात, "काका, तुमचा हात अजून तसाच आहे हो!" मी आपला मान डोलावतो.

(चहाचा कप मी हल्ली अर्धाच भरते. हे लिहू नकोस म्हणाले. लिहिलं.)

हवेवर चालणारी कोरणीही घेतली, तू सुचवलेलीच. पायाने दाबलं की घाव आपोआप बसतात, मनगटाला जोर लावावा लागत नाही. आपण नुसतं वळवायचं. छान वस्तू आहे. सध्या खोक्यात आहे.

तर तुझ्या अंगठीत 'बाबा' लिहायचं ठरवलं. जन्मभर लोकांची नावं कोरली, माझं कुठे घातलं नाही. म्हटलं, लेकीच्या पहिल्या कामात घालू. अंगठीला हात लावण्याआधी पितळेच्या पट्टीवर करून पाहिलं. मनासारखं झालं नाही. दुसरी पट्टी घेतली. मग मास्तरणीला म्हटलं, त्या बाराखडीतून काढून दाखव बरं. तिने तिसऱ्या पट्टीवर काढलं, आणि काय सांगू, असं देखणं आलं की माझ्या मनात आलं, हेच अंगठीत उमटवू आणि हाताने केलंय म्हणून पाठवून देऊ. आमची खारू कशाला तपासायला बसतेय!

पट्टी मायक्रोस्कोपखाली धरली. पहिला बा आणि दुसरा बा अगदी एक. वाटीचा फुगा तोच, काना तेवढाच, शेवटची शेपटीही तितकीच वळलेली. मी उभ्या जन्मात दोन बा सारखे काढलेले नाहीत. आणि तू परकर सावरत माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचीस आणि तबकातल्या, आम्हा दोघा भावांनी कोरलेल्या वस्तू उचलून सांगायचीस, हे बाबांचं, हे काकांचं. एकदाही चुकली नाहीस. डबी उघडल्याबरोबर तुला कळलं असतं.

(इथे चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.)

बरं. लिही आता.

खारू, माझा हात थरथरतो. नुसता मांडीवर असला की शांत असतो. कोरणी धरली, सुईत दोरा ओवायला घेतला, कप उचलला, की सुरू. डॉक्टरांना दाखवलंय. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, पण पूर्ण जाईल असंही नाही म्हणाले. गोळी घेतो, थोडा फरक पडतो. त्या पितळेच्या पट्ट्यांवर बा कसला, कोंबडीने पाय घासल्यासारखं झालं होतं. तेच जर तुझ्या अंगठीत झालं असतं, तर ती आरपार फाटली असती.

तुला सांगितलं नाही, कारण मी तुला ओळखतो. ऐकलंस की वर्कशॉपला कुलूप घालून पहिल्या गाडीने इकडे येशील आणि माझ्या कामाच्या पाटावर बसशील. ते मला नकोय. माझा पाट माझा आहे. तुझा तू मांडलायस.

आता पुढचं ऐक. मास्तरणीकडे एक काचेची पाटी आहे. तिच्यावर पेनने लिहायचं, ते पडद्यावर जसंच्या तसं उमटतं आणि तेच लेझर कोरतो. अगदी वरच्यावर कोरतो, पातळ अंगठीलाही धोका नाही. मी पेन घेतलं. हात हलत होताच. 'बाबा' लिहिलं आणि पडद्याकडे पाहिलं, तर रेघ कशी लोण्यासारखी! मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, "अगं, बघ! गेली की थरथर!" गोळी लागू पडली असं वाटलं मला. मास्तरीण खाली मान घालून म्हणाली, "काका, ते यंत्रच करतं. हललेली रेघ आपोआप गुळगुळीत होते."

असा मी शहाणा.

थोड्या वेळाने म्हटलं, "ते बंद करता येतं?"

"येतं. पण मग सगळं दिसेल."

"दिसू दे."

तिने बंद केलं. मी पुन्हा लिहिलं. ती म्हणाली, "अजून एकदा लिहा ना काका, जास्त चांगलं येईल." तिला वाईट वाटत होतं बिचारीला. मी म्हटलं, "नको, हेच घे." मग तिने अंगठी लावली, किरण आतून फिरला, आणि झालं.

सोबत पाठवतोय. हात माझाच हवा म्हणालीस ना? माझा आताचा हात असा आहे. जुना हवा असेल तर तो त्या बाराखडीत ठेवलाय, सगळ्यांना मिळतो. हा फक्त तुला दिलाय. नाहीच आवडला तर घासून टाक, मी रुसणार नाही. मात्र घासताना जपून, कारण पातळ कुणी केलीय ते तुला माहीत आहे.

पहिल्या दिवशी ठरवल्याप्रमाणे घाल आणि काम सुरू कर. इकडे यायचं ते सुट्टीत. आल्यावर ती हवेची कोरणी खोक्यातून काढ आणि घेऊन जा. चांगल्या वस्तूने असं पडून राहू नये.

(मला विचारशील तर, अंगठी झाली त्या दिवशी किती तरी दिवसांनी गाणं गुणगुणत घरी आले. काळजी करू नकोस, मी आहे. आता पेन त्यांच्याकडे देते. सही स्वतःच करणार म्हणतात. कागद मी धरलाय. — आई)

खारू, चष्म्याचं खोटं होतं. दोन्ही बा वेगळे आलेत, नीट बघ.

तुझा
बाबा