अर्थाला मज्जाव

४ मार्च

बाबांच्या घशातली गाठ वाईटच निघाली. येत्या मंगळवारी स्वरयंत्र काढणार. आणि मुलगी कोण? तर माणसांना बोलणं ऐकू कसं येतं, यावर वर्षानुवर्षं पेपर पाडणारी विदुषी! सर्जन म्हणाला, "तुम्ही याच क्षेत्रातल्या, तुम्हाला वेगळं काय सांगायचं." — सांगायला हवं होतं की!

आई एवढंच म्हणाली, "त्यांचा आवाज ठेवून घे गं."

६ मार्च

बाबांना लॅबच्या आवाजबंद खोलीत बसवलं. वाचायला आमची नेहमीची निरर्थक अक्षरं — अ, ठो, गं, फू. अर्थ असला की ऐकणारा अंदाज बांधतो, म्हणून आमच्या धंद्यात अर्थाला मज्जाव. जन्मभर मैदानावर "सावधान!" ओरडलेले पीटी मास्तर दर ओळीला भडकत होते. "अगं, बघ तुझ्या लेकीचे उद्योग! याचा पगार देतात हिला?" काचेपलीकडे आईची हसून पुरेवाट.

७ मार्च

दिवसभर कापाकापी. खोकला, कुरकुर, आईला मारलेल्या हाका — सगळा कचरा काढला. मूळ फाइलही पुसली. विभागप्रमुखांचा फतवा आहे ना, जागा अडवू नका! इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग आख्ख्या विभागात कोणाचं नसेल. स्वतःची पाठ थोपटून घेतली.

१० मार्च

ऑपरेशन झालं. बाबा शुद्धीवर आले. ओठ हलले, बाकी काही नाही.

१९ मार्च

बाबा घरी. पाटीवर लिहून बोलतात. तिथेही उद्गारचिन्हं! चहा पाहिजे!! आईला हाक मारायची तर टेबलावर चमचा आपटतात. ती येते, पण तिचा चेहरा बघवत नाही.

आज म्हणाली, "लाव ना ते." लावलं. ठो. फू. ठो. मान खाली घालून ऐकत राहिली. मग हळूच, "मला हाक मारलेली नाही का कुठे?"

कुठून असणार? कचरा होता ना तो! माझ्यासारखी शिकलेली गाढवीण शोधून सापडायची नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडले.

२१ मार्च

बाबांचा 'अ' घेतला, त्याला 'गं' चिकटवला. मधला जोड उघड ऐकू येतो. विद्यार्थ्याने असलं काम आणलं असतं, तर त्याची चांगली हजेरी घेतली असती. आईला न सांगता बाबांच्या फोनमध्ये टाकलं. त्यांनी बटण दाबलं.

स्वयंपाकघरातून लगेच — "आले, आले! काय हवंय?"