पाकाला झालंय तरी काय

३ मार्च
पुन्हा करपला! दाण्यांच्या कडक वडीचा पाक बिघडवायचं माझं वय आहे का? आजवर डोळे मिटून करत आले. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, त्याची गोळी होते, ती वाटीत टाकायची. टण्ण वाजली की दाणे ओतायचे. आज वाजेचना! वाट बघत राहिले आणि पाक काळाठिक्कर. हे म्हणाले, "साखरेतच खोट असेल."

४ मार्च
दुसऱ्या दुकानातली साखर. तेच!

७ मार्च
लेक आली. न कळवता, भलीमोठी बॅग घेऊन. "सहज आले गं." जावई कसे आहेत म्हटलं, तर "बरे आहेत." बस्स, पुढे काही नाही.

या वडीवर तिचा जीव, म्हणून लगेच पातेलं चढवलं. मी पाक ढवळत होते. ती माझ्याकडे पाठ करून कप विसळत होती, नळ धो धो सुटलेला. मध्येच वळली आणि नुसती बघत राहिली. मी म्हटलं, "आधी हा पाक होऊ दे बाई!" तिचा चेहरा एवढासा झाला.

मी वाईट काय बोलले?

पाक करपला. आणखी काय होणार!

८ मार्च
गेली! एवढी बॅग आणि एका रात्रीत परत? ह्यांना विचारलं, तर पेपराआडून काहीतरी पुटपुटले. या घरात हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. माझ्यापासून लपवताहेत का काही? संध्याकाळी तिला फोन लावला. "पोचले" म्हणाली की "टोचलं", देव जाणे. लाइन खराब.

११ मार्च
दारावरची घंटाही बिघडली. शेजारीणबाई दार बडवत उभ्या, तोंड लाल. "अहो, केव्हाची वाजवतेय!" घंटा बंद आहे म्हटलं, तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी काही मीच बंद पडलेय.

सगळंच बिनसलंय. त्यातल्या त्यात एक बरं — ह्यांचं घोरणं थांबलंय.

१३ मार्च
शेवटी शेजारीणबाईंनाच ओट्यापाशी उभं केलं. "माझं चुकतंय कुठे, तेवढं सांगा."

थेंब सोडला. गोळी वाटीत टाकली. मी वाट बघतेय. त्या ओरडल्याच, "अहो, उतरवा की! वाजली!"
"कुठे वाजली?"

त्यांनी गोळी उचलून पुन्हा टाकली. वाटीत तिने उडी मारलेली मला दिसली. आवाज नाही.

दाणे त्यांनीच ओतले, थापले त्यांनीच. वडी झाली अगदी काचेसारखी. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत एक तुकडा मोडला. मग दुसरा. मला फक्त त्यांची बोटं दिसली.

१४ मार्च
डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान बरेच गेलेत, यंत्र लावू. म्हणजे साखर चांगली होती. घंटा चांगली होती. आणि हे रोज घोरतातच! घरी येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो.

चपला काढता काढता माझं हसू थांबलं. लेक नळापाशी बोलली होती काहीतरी. वळून उभी होती ती उत्तरासाठी! कशाचं उत्तर? ह्यांना विचारलं. ह्यांनाही ठाऊक नाही.

१५ मार्च
सकाळच्या पहिल्या बसने तिच्याकडे गेले. तिला समोर बसवलं. म्हटलं, "त्या दिवशीचं मला ऐकूच आलं नाही गं. कान गेलेत माझे. आता माझ्याकडे बघ आणि सावकाश सांग."

तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग ओठ हलले —

"आई, मी कायमची घरी येऊ का?"