छपरावरची ती उडी कोणाची

थोंगयंगच्या वन्संना,

फार वर्षांपूर्वी एका सकाळी मी तांदूळ धुतले, चुलीतली विझत आलेली कोळशाची वडी बदलली, मुळे चिरले आणि रजया उन्हात घालायला अंगणात गेले, तर तुमचे भाऊ रांजणांच्या ओट्यावर माझा लग्नातला लाल घागरा नेसून उभे. "रजया तिथेच राहू दे," म्हणाले आणि उडी मारली. रजया जागच्या हलल्या नाहीत, हे मात्र मुरवलेल्या सोयाबीनच्या रांजणावर पडले. वर्षभराची बेगमी अंगणभर पसरली, आणि तिच्यात बसून हे मला विचारताहेत, "बाईसारखा पडलो का गं?"

बघा, नमस्कार राहिलाच. लवून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? सुक्या मासळीचं दुकान अजून एकट्याच चालवता का? मी बरी आहे. काही काम नाही, सहजच लिहिते आहे.

तुम्ही गावात सगळ्यांना सांगितलंत की भाऊ सोलला रेल्वेच्या तिकीटखिडकीत बसतो. माझी तक्रार नाही. (यांचा हात प्लास्टरमध्ये होता त्या वर्षी तुम्ही म्हणालात, प्रवाशाची पेटी पडली. हेसुद्धा मग तसंच सांगायला लागले.) पण खरं ते तुम्हालाही ठाऊक आहे. हे अंगाने बारीक, म्हणून छुंगमुरोच्या स्टुडिओंमधल्या मारामारीच्या चित्रपटांतल्या निम्म्या नायिका ह्यांच्याच रूपाने भिंतीवरून उड्या मारायच्या. उरलेला वेळ हे मरायचे. एका चित्रपटात अकरा वेळा मेले: आधी शिपाई म्हणून, मग डाकू, मग मिशी लावून पुन्हा डाकू. मरताना हात असे पसरायचे की शेजारच्याला मरायला जागा उरायची नाही. सहा वर्षांपूर्वी खरे गेले ते भर दुपारी, कुशीवर, हात उशीखाली घेऊन. मी त्यांच्यासाठी भात झाकून ठेवला होता. अजून कधी कधी दोघांचा शिजवते.

मी शाळेत गेले नाही, हे तुम्ही मला पुष्कळदा ऐकवलंय. अक्षरं शिकले ती पडद्यावर ह्यांचं नाव वाचता यावं म्हणून. चित्रपट संपला की सगळे उठायचे, मी बसून राहायचे आणि पडद्याकडे बोट रोखून नावं वाचायचे. ह्यांचं सापडायचं नाही. पहिली दोन वर्षं मला वाटलं, मलाच नीट वाचता येत नाही.

आता परवाची गोष्ट. जुने चित्रपट जपून ठेवणाऱ्या एका कार्यालयाला ह्यांच्या एका चित्रपटाची रिळं सापडली. पुढच्या महिन्यात दाखवणार आहेत, आणि या वेळी उड्या मारणाऱ्यांचीही नावं शेवटी देणार. पण नावं ठाऊक कोणाला? म्हणून त्यांनी उरलेले म्हातारे बोलावले, आणि जे उरले नाहीत त्यांच्या बायका बोलावल्या. आपापला माणूस ओळखा, म्हणाले.

पहिल्याच मारामारीत एक डाकू कड्यावरून खाली गेला. पाठ तीच, मान तीच. मला हुंदका आवरेना. शेजारच्या खुर्चीवरून रुमाल आला.

"वहिनी, डोळे पुसा. तो मी आहे." थाक जुनबो! ह्यांचा जुना जोडीदार, ऐंशीला टेकलाय.

"मग आधी सांगायचं नाही का?"

"इतकं मनापासून रडत होतात, म्हटलं होऊन जाऊ दे. आमच्या घरी कोणी रडेलसं दिसत नाही."

माझ्या रडण्याच्या भरात थाकचं नाव यादीत चढलंसुद्धा. मग आला मठाच्या छपराचा प्रसंग. नायिका पाठमोरी उभी, खाली शत्रू, आणि उडी मारण्याआधी ती खानदानी मुलगी दोन्ही तळवे ढुंगणावर खसाखसा पुसते, दोनदा! मी उठून उभी राहिले. "हे माझे!"

"वहिनी, बसा. ती उडीसुद्धा माझीच."

"तुम्ही त्या घागऱ्यात मावला असतात?"

"तेव्हा मी बारीक होतो."

"तुम्ही जन्मताना बारीक नव्हतात, तुमच्या आईनेच मला सांगितलंय!"

कार्यालयातली चष्मेवाली मुलगी हसली, पण लिहिताना हसली नाही. एका उडीवर दोघांचा हक्क, तेव्हा ह्यांना लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाची लेखी साक्ष शुक्रवारपर्यंत हवी. नाहीतर त्या ओळीत 'अज्ञात' छापतील. (ह्यांच्या सगळ्या मरणांत चेहरा मातीत आहे, तिथे मीही शपथ घेऊ शकले नाही. ही एवढीच उडी.)

असो. होईल काहीतरी. मला आशा आहे. गुडघ्यांना शेक देत जा.

तुमची वहिनी,
माक्सून

ता.क. सोबत एक अर्ज आहे. माझ्या लग्नात तुम्हीच सांगितलं होतंत, हा खडकावरून समुद्रात उडी टाकायच्या आधी विजारीला हात पुसायचा आणि डागांबद्दल तुमच्या हातचा मार खायचा. तेवढंच लिहा आणि सही करा. गावाला काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू. रेल्वेतल्या माणसालाही सुट्टीच्या दिवशी छपरावरून उडी मारता येते.

दुसरा ता.क. पत्र टपालात टाकणार होते, पण तुम्ही अर्जात मासळी बांधून द्याल अशी धास्ती वाटली. हे तुमच्याच दुकानातल्या बाकावर बसून लिहिते आहे. तुम्ही गिऱ्हाईक आटपताय आणि माझ्याकडे बघत नाही आहात. थाकला मी काही सांगितलं नाही. आज सकाळी सातची बस धरली आणि इथे आले.