कावीळ उतरली

सोमवार, २ फेब्रुवारी

जे झालं ते, क्रमाने.
१. पप्पांचे डोळे पिवळे झाले. आई म्हणाली, कावीळ.
२. स्कॅनमध्ये स्वादुपिंडात गाठ दिसली. यकृतातही पसरलेली. डॉक्टरांनी दादाला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं : बरं होणार नाही. काही महिने.
३. पित्ताच्या वाटेत नळी बसवली. त्याने पिवळेपणा जाईल. गाठ तशीच राहील.
४. दादाने पप्पांना सांगितलं, "कावीळच आहे. नळीने उतरेल." मी शेजारी उभी होते.
५. दादा नाशिकला परत गेला. पप्पांना घाटकोपरला घरी आणलं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आईने कुर्ल्याच्या एका बाईकडून काविळीची माळ आणली. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात बांधलेले. डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरते तशी माळ लांबते, गळ्यात येते, मग पोटावर. असं म्हणतात.

पप्पांनी विहारात जन्मभर असल्या गोष्टींविरुद्ध भाषणं दिली. आज निमूट डोकं पुढे केलं. वर मलाच, "ही वनस्पती आहे, अंधश्रद्धा नाही. काय सायन्सवाली?"
"काड्या सुकून आकसतात. गाठी सैल होतात. म्हणून लांबते. कोणाच्याही डोक्यावर लांबेल. खुंटीवरही."
"म्हणजे लांबते ना? झालं तर."
आई : "तुझी मीटरं तुझ्या कंपनीत तपास गं. इथे नको."

मंगळवार, १० फेब्रुवारी

डोळे जवळजवळ पांढरे. नळी काम करते आहे. माळ गळ्यात आली.

शेजारच्या सावंतकाकू दारातूनच, "बघा! उतरली की नाही? आता दोन महिने तेलकट नको हां." पप्पा लग्नातल्या नवरदेवासारखे बसले होते. पोळी अर्धीच खाल्ली. बाकीची ताटाखाली सरकवली.

अंधेरीला कामावर तपासायला एक प्रेशर गेज आलं होतं. दाब कितीही द्या, काटा हिरव्या पट्ट्यातच. असं गेज बंद पडलेल्यापेक्षा वाईट. नापास केलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

भीती होती तेच झालं. मेहकरहून काकाचा फोन. पप्पा स्पीकरवर, खणखणीत आवाजात : "अरे, कावीळ होती, उतरली. तू घराचं काम काढ. सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी बँकेत जातो. शब्द दिलाय तो दिलाय."
काका म्हणत होता, "घाई नाही, आबा. तब्येत बघा आधी."
"तब्येतीला काय झालंय?"

रिटायर झाल्यावर मिळालेले सगळे पैसे पप्पा काकाला घरासाठी देणार. काका शेतीवर राहिला म्हणून पप्पा शिकले, मुंबईला आले. ते कर्ज त्यांच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही. काका लबाड नाही. त्यालाही कावीळच माहीत आहे.

हे पैसे गेले तर मागे काय : भाड्याची खोली, माझा पगार. पुढे दुखणं वाढणार. औषधं, बाई ठेवणं. आणि त्यानंतर आई.

शनिवार, १४ फेब्रुवारी

दादाशी फोन.
"तू काही बोलू नकोस हं. एका दिवसात खचतील ते."
"मग काकाला सांग."
"काकाला सांगितलं की काकू रडत घरी हजर. मग लपून काय राहिलं?"
"पैसे गेल्यावर आईचं काय?"
"मी आहे ना यार."
"तुझ्या फ्लॅटचे हप्ते?"
"बघू."
"बघू म्हणजे किती?"
फोन ठेवला त्याने.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पप्पांच्या पाठीत दुखतं. ते गॅस म्हणतात, ओवा खातात. पट्ट्याला नवीन भोक पाडलं. माळ पोटापर्यंत आली आहे.

आई भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "ते झोपल्यावर वजनाचा काटा काढून ठेव पलंगाखालून. बघतात ते."
मी घासलेली भांडी पुसायला घेतली.
"मला कोणी सांगायला नको. बत्तीस वर्षं जेवायला वाढतेय त्यांना."
"मग माळ कशाला आणलीस?"
"त्यांनी विचारू नये म्हणून."
पैशांचं विचारलं. म्हणाली, "शब्द मोडायला सांगितला तर कारण मागतील. मी पोळ्यांची कामं धरीन. तू कावीळच म्हण."

म्हणजे आता घरात फक्त त्यांनाच माहीत नाही. किंवा त्यांनाही…

गुरुवार, १९ फेब्रुवारी

पप्पांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. पासबुक वरच्या खिशात. मला म्हणाले, "सोमवारी अर्धा दिवस सुट्टी घे. फॉर्म इंग्रजीत असतात." रांगेत उभं राहवेल का, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

दादाला सकाळी पाठवलं. इथे उतरवून ठेवते.

"दादा, पप्पा सोमवारी बँकेत जाणार. खरं कळलं तरी ते काकाला पैसे देतीलच, असं तू म्हणशील. शक्य आहे. मग देऊ देत. पैसे त्यांचे, शब्द त्यांचा. पण आपण सांगितलेल्या काविळीच्या भरवशावर त्यांना सही करायला मी घेऊन जाणार नाही. आईला माहीत आहे. ती नको म्हणते. तरीही. तू इथे येऊन स्वतः सांगणार असशील तर मी थांबते. येणार नसशील तर मी सांगेन. आज शुक्रवार. रविवारी दुपारपर्यंत उत्तर दे. येतोस की नाही, एवढंच लिही."