मी ‘जा’ म्हटल्याशिवाय

४ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणतात, "रिपोर्ट तर सगळे छान आहेत!" मग रिपोर्टलाच पाठवते ना कामावर! कोविड होऊन वर्ष उलटलं आणि मला अजून दात घासून झाले की बसावं लागतं.

५ फेब्रुवारी
पुन्हा थिएटरात. आमची खोली प्रेक्षकांच्या डोक्यावर, काचेमागे. दिवेवाला माझ्या शेजारी, पडदेवाला खाली, हेडफोनमधून सगळ्यांच्या कानात मी. मी "तयार" म्हणते, मग "जा" म्हणते. "जा" म्हटल्याशिवाय दिवा नाही, आवाज नाही, पडदा नाही. समोर नट खरंच मरून पडला तरी नाही!
जिन्यात मध्येच बसले. मागून दिवेवाला. "काय गं, पायरी विकत घेतलीस?"
म्हटलं, भाड्याने.

११ फेब्रुवारी
शब्द गेला.
नटी दार उघडते, बाहेर पहाट व्हायची. "तयार" म्हणाले. आणि पुढचा शब्द — नाही! अख्ख्या डोक्यात नाही. एका अक्षराचा शब्द! नटी बिचारी अंधारात दार धरून उभी. शेवटी दिवेवाल्याने आपणहून पहाट केली.
नंतर दिग्दर्शक वर आला. "तू आराम कर ना जरा. परत असं झालं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल, हां." किती गोड बोलला. चावावंसं वाटलं.

१२ फेब्रुवारी
दादा — "आम्हीपण थकतो, बाई."
आई — "हो, तू सोफ्यावरून उठून थकतोस."
वा, आई! पण जेवताना तीच म्हणते, "सोड की ती नोकरी. घरी पडून राहा." पडून राहून काय होऊ मी? उशी?

१३ फेब्रुवारी
नाही सोडणार. नाही म्हणजे नाही.

२० फेब्रुवारी
खुर्ची हाकलली. खोलीत गादी टाकली! उशाशी छोटा टीव्ही, त्यात रंगमंच दिसतो. आडवी पडून अख्खा प्रयोग चालवला. दिग्दर्शक दारातच थबकला. "हे काय?"
"तोंड उभंच आहे," मी म्हणाले.
दिवेवाला इतका हसला की पहाट थोडी लवकर झाली असती.
आता नवा कायदा: दिवसभर कुणाशी बोलायचं नाही. फोन नाही, भांडण नाही, आंघोळ सुट्टीच्या दिवशी. सगळी ताकद एका "जा"साठी.

२ मार्च
एक चूक नाही! गादी आल्यापासून एकसुद्धा नाही! दिग्दर्शक म्हणाला, "अगदी पहिल्यासारखी झालीस." घरी ताटावरच डुलक्या आल्या, आईने घास भरवला. भरवू दे. भरवून घेणारी बाई बिनचूक काम करते, लिहून ठेवा!

३ मार्च
कायदा मोडून दादाला ऐकवलं. सोफ्यावरून उठून गेला. सुख.

९ मार्च
आज दुसऱ्या अंकात मला झोप लागली.
टाळ्यांनी जाग आली. धडपडत टीव्ही बघितला — नट वाकून उभे, पडदा पडतोय. एकही दिवा चुकला नव्हता. कुणी धावत वर आलं नाही. कुणी काही विचारलंही नाही.
दिवेवाला वायर गुंडाळत होता.
"कधीपासून?" मी विचारलं.
"गादी आली तेव्हापासून मधूनमधून डोळा लागतो तुझा. खाली सगळ्यांना पाठ आहे आता." वायर नीट ठेवली त्याने. "घोरत नाहीस, तेवढं बरंय."