आईच्या गुलाबाची गाठ

धाकटे,

‘प्रिय’ आज लिहवत नाही.

आईचं घर विकलं तेव्हा तू मला एक कुंडी आणून दिलीस. “ताई, आईच्या गुलाबाची फांदी मी माझ्या हातांनी खोचून जगवलीय,” म्हणालीस. अकरा वर्षं मी तो गुलाब सांभाळला. दर वर्षी पहिलं फूल तुला आणून दिलं. तू ते नाकाशी धरून “अगदी आईच्याच गुलाबाचा वास गं!” म्हणत डोळे पुसायचीस.

काल कुंडी बदलायला नर्सरीत नेली. आईच्या गुलाबाची फांदी खोचून जगवलीय, असं म्हाताऱ्या माळ्याला सांगितलं. त्याने माती उकरली आणि तो हसला. “बाई, बुंध्याची ही गाठ बघा. हे जंगली गुलाबाच्या खोडावर डोळा भरलेलं कलम आहे, आमच्यासारख्यांकडून विकत घेतलेलं. खोचलेल्या फांदीला अशी गाठ नसते.”

वनस्पतिशास्त्राची पदवी माझी, पण तू दिलेल्या कुंडीतली माती उकरून बघावी असं मला कधी वाटलं नाही.

“आईचं झाड वाळलं,” एवढंच सांगितलं असतंस तर मी रडले असते आणि विषय संपला असता.

परवा पहिली कळी उमलेल. हे पत्र फाडून टाकेन, फूल मात्र घेऊन येईन. तू डोळे पुसशील, तेव्हा या वेळी मी तुझ्याकडे बघत बसेन.

ताई